'गुलाम' आणि 'गुलामगिरी' : मुक्तीनंतरच्या पारतंत्र्याचा विचार

जोतीराव फुले यांचा 'गुलामगिरी' हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील दास्यविमोचनाच्या कार्यास हातभार लावणाऱ्या तेथील सज्जनांस तो अर्पण केलेला आहे. ज्या मुक्तीचा त्या अर्पणपत्रिकेत गौरव आहे, तिचे त्या वर्षापर्यंत प्रत्यक्षात काय झाले होते, हा प्रश्न विचारार्ह आहे.

त्याचे उत्तर शोधताना ग्रंथाचे नावच उपयोगी पडते. 'गुलाम' हा शब्द मूळचा अरबी. त्या भाषेत त्याचा अर्थ मुलगा किंवा तरुण सेवक असा होतो. फारसीच्या द्वारे तो मराठीत रुळला. '-गिरी' हा प्रत्ययही फारसीच होय. 'शिपाईगिरी', 'मुत्सद्देगिरी' या शब्दांत तो व्यक्तीचा नव्हे, तर वृत्तीचा, व्यवसायाचा किंवा व्यवहाराचा बोध करून देतो. यावरून असे म्हणता येईल की, कायदा माणसाला 'गुलाम' या संज्ञेतून एका दिवसात मोकळे करू शकतो. 'गुलामगिरी' हा व्यवहार मात्र तेवढ्याने संपत नाही.

अमेरिकेचा अनुभव हेच सांगतो. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धाच्या अखेरीस सुमारे ४० लाख दास मुक्त झाले. डिसेंबर १८६५ मधील तेराव्या घटनादुरुस्तीने दास्य नष्ट झाले. १८६८ व १८७० च्या दुरुस्त्यांनी अनुक्रमे नागरिकत्व व पुरुषांचा मताधिकार मान्य केला. मुक्तांच्या साहाय्यार्थ १८६५ साली स्थापन झालेल्या सरकारी खात्याने शाळांना हातभार लावला. लहानांबरोबर प्रौढही अक्षरे गिरवू लागले.

परंतु जमिनीचा प्रश्न सुटला नाही. जानेवारी १८६५ मध्ये सेनापती शर्मन याने किनाऱ्यावरील जमीन मुक्त कुटुंबांना प्रत्येकी ४० एकरांपर्यंत देण्याची आज्ञा काढली. त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सन याने त्यातील बहुतेक जमीन जुन्या मालकांस परत देवविली. मिसिसिपीसारख्या राज्यांनी मजुरीचा करार नसलेल्या मुक्तांस 'भटके' ठरवून दंड करण्याचे आणि दंड न भरल्यास त्यांना कामास जुंपण्याचे कायदे केले. पुढे अर्धेलीची शेती आली. बियाणे व अन्नधान्य उधारीवर घ्यावयाचे आणि पीक हाती येताच ते ऋणात वळते व्हावयाचे, असा हा क्रम होता. साहाय्यक खाते १८७२ साली बंद झाले. १८७७ साली दक्षिणेतील नव्या राज्यव्यवस्थेचा लष्करी आधारही निघाला. म्हणजे फुले यांचा ग्रंथ निघाला तेव्हा तेथील मुक्ती अपुरी होती व तीही ओसरू लागली होती.

यामुळे फुले यांच्या विचारास बाध येत नाही. उलट त्याचे मर्म अधिक स्पष्ट होते. त्यांचा रोख व्यक्तीच्या खरेदी-विक्रीपेक्षा अज्ञान व धर्मसत्ता यांवर उभारलेल्या व्यवहारावर होता.

हा भेद कोकणातही प्रत्ययास येतो. उलवे हे गाव ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याचे पूर्वीचे नाव कुलाबा. त्याच जिल्ह्यात अलिबागजवळील चरी येथे कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ या काळात खोतांची जमीन न कसण्याचा संप चालविला. कूळ हे कायद्याने गुलाम नव्हते. तरी पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी जात असे. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडले. खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला.

सारांश, मुक्तीची तारीख इतिहासात नोंदविता येते. परंतु ती खरी किती झाली हे जमीन, अक्षर आणि मत यांवर मुक्तांचा अधिकार किती टिकला, यावरूनच ठरवावे लागते.