हे खरंच आपले सर आहेत का?

कॉम्प्युटर लॅबमध्ये वर्गावर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर बसवलेलं असेल, तर सरांना रांगांमधून फिरावं लागत नाही. त्यांच्या स्क्रीनवर तीस छोट्या चौकटी दिसतात, प्रत्येकीत एकेका विद्यार्थ्याचा डेस्कटॉप. कोण स्प्रेडशीट भरतंय आणि कोण गेम खेळतंय, ते बसल्या जागी कळतं. एका क्लिकमध्ये सगळ्यांचे पडदे काळे करून ‘इकडे बघा’ असंही सांगता येतं. चाळीस मिनिटांच्या तासात हे किती कामाचं आहे, ते लॅब सांभाळणाऱ्या कोणत्याही मॅडम सांगतील.

यात तांत्रिक करामत आहे ती चित्र वाहून नेण्याची. 1920 गुणिले 1080 बिंदूंचा पडदा म्हणजे वीस लाखांहून जास्त बिंदू, आणि प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी तीन बाइट. एका पडद्याचं कच्चं चित्र सहा एमबीच्या पुढे जातं, तीस मुलांचं दीडशे एमबीच्याही बरंच पुढे. दर सेकंदाला एवढा ऐवज पाठवायला लागलं, तर शाळेचं नेटवर्क धापा टाकेल. म्हणून चित्र आक्रसून, दाबून पाठवतात, आणि पुष्कळदा आधीच्या चित्रापेक्षा जेवढा चौकोन बदलला तेवढाच.

ही युक्ती ज्या व्हीएनसी प्रणालीने लोकप्रिय केली, ती 1990च्या दशकात केंब्रिजच्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत तयार झाली. तिच्या कर्त्यांपैकी क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर यांची आणखी एक ओळख आहे. केंब्रिज विद्यापीठात 1991 साली कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखून, कॉफी उरली आहे की नाही ते जागेवरूनच बघण्याची सोय करणाऱ्यांपैकी ते एक. दूरवरून डोकावण्याची हौस तशी जुनीच म्हणायची!

मुलांच्या पडद्यात डोकावावं की नाही, यावर पालकसभेत तावातावाने वाद होऊ शकतो. त्याआधीचा एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. समोरून ‘तुझा पडदा दाखव’ असा आदेश आला, तर तो सरांचाच आहे हे मुलाच्या संगणकाला कसं कळतं? माझ्या मते या सॉफ्टवेअरची खरी परीक्षा इथे होते, आणि तीत नावाजलेली उत्पादनं नापास झालेली आहेत.

नेटॉप ही मूळची डॅनिश कंपनी. तिचं ‘व्हिजन प्रो’ अनेक शाळांमध्ये वापरलं जात होतं. मॅकअफी कंपनीच्या संशोधकांनी चार संगणकांचा लुटुपुटीचा वर्ग मांडून ते तपासलं आणि मार्च 2021मध्ये निष्कर्ष जाहीर केले. पहिलीच गोष्ट चक्रावणारी होती. संगणकांमधली सगळी देवाणघेवाण उघडी होती, एन्क्रिप्शन चालू करण्याचा पर्यायसुद्धा नव्हता. मुलांच्या पडद्यांची चित्रं तशीच नेटवर्कवरून जात होती. त्याच नेटवर्कवर कान देऊन बसलेल्या कुणालाही ती जोडून बघता येत होती. पुढे संशोधकांनी शिक्षकाच्या संगणकाकडून जाणाऱ्या संदेशांची हुबेहूब नक्कल केली आणि ते स्वतःच ‘शिक्षक’ झाले. वर्गात कुणीही खुर्चीवर येऊन बसावं, आवाज चढवून हजेरी घ्यायला लागावं आणि मुलांनी निमूट ‘हजर’ म्हणावं, तसा हा प्रकार.

पण तोतया सर नुसते बघत बसतील तर ते तोतया कसले? गप्पांच्या सोयीतून फाइल पाठवता येत होती आणि तिच्यातल्या त्रुटीमुळे मुलाच्या संगणकावरच्या फाइल बदलता येत होत्या. हा कार्यक्रम विंडोजच्या ‘सिस्टिम’ या सर्वोच्च अधिकाराने चालत असल्यामुळे पुढे संगणकाचा संपूर्ण ताबा मिळवणं शक्य होतं. त्यात करोनाचा काळ. शाळेचे लॅपटॉप घरी गेलेले. लॅबच्या चार भिंतींसाठी लिहिलेला हा कार्यक्रम कोणत्याही वायफायला जोडल्यावर ‘मी इथे आहे’ अशी हाळी देतच राहायचा, कारण समोर शिक्षक असणारच असं त्याने गृहीत धरलेलं. संशोधकांनी डिसेंबर 2020मध्ये कंपनीला कळवलं, फेब्रुवारीअखेर सुधारित आवृत्ती आली आणि गंभीर भोकं बुजवली गेली. पडद्यांच्या चित्रांचा प्रवास मात्र तेव्हाही उघडाच राहिला होता.

त्याआधी, 2015 साली, ब्रिटनमधल्या इम्पेरो या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्येही असाच दोष सापडला होता. दहशतवादाशी संबंधित शब्द टाइप झाले की शिक्षकांना इशारा देण्याची सोय या कंपनीने नुकतीच आणली होती. मूळ पासवर्ड मात्र ‘पासवर्ड’ असाच होता.

यावरचा उपाय गणिताला ठाऊक आहे. व्हेयॉन हे मोफत, खुलं सॉफ्टवेअर तो वापरतं. त्यात किल्ल्यांची जोडी असते. सार्वजनिक किल्ली मुलांच्या संगणकांवर, खाजगी किल्ली फक्त सरांच्या. आदेश आला की मुलाचा संगणक एक यादृच्छिक मजकूर पाठवून म्हणतो, ‘यावर सही कर.’ ती सही खाजगी किल्लीनेच होते, सार्वजनिक किल्लीने पडताळता येते. पण सार्वजनिक किल्लीवरून खाजगी किल्ली शोधून काढणं व्यवहारात अशक्य. अर्थात ती खाजगी किल्ली सगळ्यांना उघडता येईल अशा फोल्डरमध्ये ठेवली, तर या गणितावर पाणी पडलंच.

सर खरे असले तरी ते कुठपर्यंत बघतात, हे किल्ली ठरवत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लोअर मेरियन शाळांनी सुमारे 2,300 विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले होते. हरवलेला लॅपटॉप शोधण्यासाठी त्यात सोय होती: ती चालू केली की ठरावीक वेळाने कॅमेऱ्यातून फोटो आणि पडद्याचं चित्र शाळेकडे जाई. मुलांना आणि पालकांना याचा पत्ता नव्हता. एका विद्यार्थ्याला त्याच्याच घरात टिपलेला फोटो शाळेत दाखवला गेला आणि 2010मध्ये प्रकरण न्यायालयात गेलं. चौकशीत 56 हजारांहून अधिक चित्रं निघाली. त्यातली बरीचशी खरोखर चोरीला गेलेल्या लॅपटॉपवरची होती. पण लॅपटॉप परत मिळाल्यावरही कुणी ती सोय बंद केली नाही, असंही घडलं होतं. शाळेने 6 लाख 10 हजार डॉलरला तडजोड केली. इथे कुणी हॅकर नव्हता. सगळे अधिकृतच होते.

आपल्याकडच्या 2023च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई केली आहे. मात्र नोव्हेंबर 2025मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत शाळांना शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी यातून सूट आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या लॅबमध्येही सरांच्या स्क्रीनवरच्या तीस चौकटी बेकायदा ठरणार नाहीत. पण ही सूट पाळतीपुरतीच आहे. गोळा केलेली माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी शाळेवर राहतेच, आणि ती न पाळल्यास कायद्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. नवं सॉफ्टवेअर घेताना विक्रेता तीस चौकटी हौसेने दाखवेल. त्याला खाजगी किल्ली कुठे राहते आणि चित्रं कितव्या दिवशी पुसली जातात, हे कोटेशनवर लिहून द्यायला सांगावं.