ब्रेकचा दिवा

आपल्यापैकी पुष्कळांचे कोणी ना कोणी मुंबईला आहे. कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ, कोणाचा मामा. मावळ, मुळशी, जुन्नर, आंबेगाव या भागांतले तर कितीतरी लोक तिथे जेवणाचे डबे पोचवतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही मुंबईची उपनगरे. मोटारींची तिथे एवढी गर्दी, तरी सायकल काही सुटलेली नाही. पाववाला, इडलीवाला, दूधवाला, डबेवाला यांचे पोट अजून सायकलवरच आहे.

मोटारीच्या मागचे लाल दिवे तुम्ही पाहिले असतील. ड्रायव्हरने ब्रेक दाबला की ते लागतात. मागच्याला कळते, पुढचा थांबतो आहे. सायकलला असा दिवा नसतो. सायकलवाल्याने हात दाखवावा म्हणतात. पण ब्रेक लावताना दोन्ही हात ब्रेकवर असतात. मग दाखवायचा कोणता हात?

घाटकोपरला आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रीचे सायकलचे दुकान आहे. जुलै महिन्यातली गोष्ट. दिवेलागणीची वेळ होती, पाऊस लागला होता. एक दूधवाले भाऊ वाकडे चाक घेऊन दुकानात आले. कोपर सोलले होते. रस्त्यात खड्डा दिसला म्हणून त्यांनी ब्रेक लावला, आणि मागून रिक्षा आदळली. चाळीस लिटर दूध गटारात गेले.

"रिक्षावाल्याला शिव्या देऊन काय उपयोग?" भाऊ म्हणाले. "त्याला पावसात दिसलंच नाही, मी कधी थांबलो ते."

मिस्त्री म्हणाले, "सेलवरचा दिवा लावून घ्या मागे."

"लावला होता की! एकदा सेल संपले ते आठ दिवस तसेच राहिले. नंतर दिवाच कोणीतरी काढून नेला."

त्या दिवशी आमच्या डोक्यात किडा शिरला. सेल नको, चार्जिंग नको, सायकलने आपला दिवा आपणच लावावा, असे काही करता येईल का?

याचे उत्तर वाटेत डोक्यावरच दिसत होते. वर्सोव्यापासून अंधेरीवरून घाटकोपरपर्यंत मेट्रो रेल्वे आहे. 8 जून 2014 रोजी ती सुरू झाली. रस्त्याच्या वर उंच पूल बांधून त्यावरून ती धावते. आता गंमत ऐका. ही गाडी विजेवर चालते, पण स्टेशन जवळ आले की तीच गाडी वीज तयार करते. कशी? गाडीची मोटर विजेने फिरते आणि चाकांना फिरवते. ब्रेकच्या वेळी उलटे होते. धावती चाके मोटरला फिरवतात, आणि फिरवलेली मोटर वीज देते. वीज देताना ती चाकांना अडवते. म्हणजे गाडी थांबतेही आणि वीजही मिळते. मुंबईच्या नव्या लोकल गाड्याही असेच करतात.

आपली सायकल काय करते? रबराचे गुटके रिमवर दाबते. रिम घासते, गरम होते आणि सगळा वेग उष्णता होऊन हवेत जातो. तो किती असतो, याचा आम्ही हिशेब केला. भाऊंचे वजन 60 किलो, सायकल 20 किलो, दूध 40 किलो. एकूण 120 किलो. वेग ताशी 15 किलोमीटर. एवढा भार थांबवताना सुमारे 1000 ज्यूल शक्ती खर्ची पडते. 1 वॅटचा दिवा 1 सेकंद जळायला जेवढी शक्ती लागते, तिला 1 ज्यूल म्हणतात. हल्लीच्या बारीक लाल दिव्याला, म्हणजे एलईडीला, 1 वॅटचा दहावा हिस्सा पुरे. निम्म्याहून जास्त शक्ती वाटेत वाया गेली असे धरले, तरी एका ब्रेकमध्ये तासभर दिवा जळेल! आणि भाऊ तर एका फेरीत शंभर वेळा ब्रेक लावत असतील.

वेगाची वीज होते कशी, तेही सांगतो. ही युक्ती मायकल फॅरडे या माणसाने 1831 साली लंडनमध्ये शोधून काढली. फॅरडे लोहाराचा मुलगा. शाळा नावापुरतीच झाली. पुढे तो पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवार राहिला. बांधायला आलेली पुस्तके तो रात्री वाचत बसे. त्यातूनच त्याला विजेचा नाद लागला. आपल्या वर्गात कोणी "आता या वयात वाचून काय होणार" असे म्हटले की आम्ही हीच गोष्ट सांगतो. फॅरडेला असे दिसले, की तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक नुसते ठेवले तर काही होत नाही. चुंबक हलवले की तारेत वीज वाहते. हलवायचे थांबले की वीज थांबते. एवढेच. धरणावरची मोठमोठी यंत्रेही याच युक्तीवर चालतात.

सायकलचा डायनमो म्हणजे याच युक्तीचे छोटे रूप. वयस्कर मंडळींना तो आठवत असेल. पूर्वी रात्री बिनदिव्याची सायकल दिसली की हवालदार धरत असे. म्हणून लोक टायरला टेकणारी बाटलीसारखी डबी बसवून घेत. चाक फिरले की डबीचे डोके फिरे, आत चुंबक फिरे आणि दिवा लागे. पण चाक हळू झाले की दिवा मंद, आणि सायकल थांबली की अंधार. ब्रेकच्या दिव्याला हे कसे चालेल? थांबतानाच तर तो हवा.

मिस्त्रींनी माळ्यावरून एक जुना डायनमो शोधून काढला. त्यांची कल्पना अशी, की ब्रेक ओढला की ब्रेकच्या सळईनेच डायनमो टायरला टेकवायचा. अगदी मेट्रोसारखे! वीज साठवायला आम्ही एक कपॅसिटर आणला. कपॅसिटर म्हणजे विजेचा माठ समजा. तो झटकन भरतो आणि मग हळूहळू रिकामा होतो. आलेली वीज परत जाऊ नये म्हणून मध्ये डायोड लावला. पंपाच्या झडपेसारखे त्याचे काम, एकाच दिशेला वाट देतो.

कोरड्या रस्त्यावर दिवा छान लागला. मिस्त्री खूश. दुसऱ्या दिवशी पाऊस आला आणि सगळे फसले. ओल्या टायरवर डायनमोचे डोके नुसते घसरू लागले. ज्या पावसासाठी एवढा खटाटोप, त्याच पावसात दिवा बंद. भाऊ हसले, पण आम्हाला हसू आले नाही.

मग घासणेच काढून टाकले. मागच्या चाकाच्या तारांना चार लहान, पण जोरदार चुंबके बसवली. चाकाशेजारच्या नळीवर बारीक तारेच्या हजारो वेढ्यांचे वेटोळे घट्ट बांधले. चाक फिरताना चुंबके वेटोळ्याच्या जवळून जातात, पण चिकटत नाहीत. घासायलाच काही नाही, तर घसरणार काय? हे काही आमचे डोके नव्हे. चुंबकाचे असे दिवे परदेशात विकतही मिळतात. मिस्त्रींची करामत निराळी. ब्रेक ओढला की त्याची सळई वर उचलली जाते. तिच्याखाली त्यांनी पितळेच्या दोन पट्ट्या अशा बसवल्या, की सळई वर गेली की पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि दिवा लागतो. ब्रेक सोडला की पट्ट्या सुटतात.

आधी दिवा अगदी मिणमिणता लागे. चुंबक आणि वेटोळे यांच्यात बोटभर अंतर होते. ते पुठ्ठ्याच्या जाडीइतके केले, तसा उजेड वाढला. मग चाक जरा डगमगले आणि एक चुंबक वेटोळ्याला लागून उडाले. चाक सरळ करण्यात एक संध्याकाळ गेली. पट्ट्यांना पाणी लागून गंज धरू नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचे टोपण केले. ते मात्र पहिल्याच झटक्यात जमले.

आता माठ भरायला अर्धा तास सायकल चालवावी लागते. भरला की सायकल उभी असतानाही ब्रेक धरून ठेवला, तर दोन मिनिटांच्या आसपास दिवा टिकतो. सिग्नलला तेवढे पुष्कळ झाले. ही वीज मात्र फुकट नाही, बरे का. चुंबके जाताना चाकाला किंचित अडवतात, तेवढा जोर पायडलवर जास्त लागतो. भाऊ म्हणतात, "मास्तर, चाळीस लिटर दुधापुढं ते काय कळतंय!"

एक खोट मात्र राहिली, आणि ती लहान नाही. या माठाला बारीक गळती आहे. रात्रभर सायकल उभी राहिली की सकाळी तो बहुतेक रिकामा असतो. भाऊ निघतात पहाटे चारला, मिट्ट काळोखात. म्हणजे पहिली पंधरावीस मिनिटे ब्रेकला दिवाच नाही. वेटोळे मोठे करावे, की कमी गळणारा माठ शोधावा, यावर मिस्त्रींचे आणि आमचे एकमत होत नाही. मिस्त्री म्हणतात वेटोळे. आम्हाला वाटते माठ.

तोपर्यंत मिस्त्रींनी भाऊंच्या मडगार्डला लाल चमकती काच बसवून दिली आहे. तिला वीज लागत नाही. मागच्या गाडीचा उजेड तिच्यावर पडला की ती तोच परत फेकते. सायकलवाला आहे एवढे तिच्यावरून कळते, थांबतो आहे हे कळत नाही. म्हणून भाऊंना सांगून ठेवले आहे, की माठ भरेपर्यंत रस्त्याच्या कडेने चला आणि ब्रेक लावण्याआधी एकदा मागे पाहा. येत्या रविवारी दुकान बंद असते. तेव्हा मोठे वेटोळे लावून बघायचे ठरले आहे.