खरे ऐकवणारा स्पीकर : घरगुती ध्वनिमुद्रणासाठी मॉनिटर निवडताना

पूर्वी एखादे गीत ध्वनिमुद्रित करावयाचे म्हटले की पुणे वा मुंबई गाठण्यावाचून गत्यंतर नसे. स्टुडिओचे ताशी भाडे, वादकांचा प्रवास आणि मुक्काम यांचा हिशेब मांडला की पुष्कळ गायकवृंदांचा उत्साह तेथेच मावळत असे. आज एक संगणक, एक ऑडिओ इंटरफेस, एक मायक्रोफोन आणि दोन स्पीकर एवढ्या साहित्यावर राहत्या घरातील एका खोलीत हे काम होऊ शकते. जालना एमआयडीसीच्या परिसरात राहून, कारखान्यातील पाळी सांभाळून संगीताची आवड जोपासणाऱ्यांच्याही आवाक्यात ते आले आहे.

या साहित्यात सर्वांत फसवी निवड स्पीकरची असते. दुकानात जो स्पीकर कानाला गोड लागतो तोच घरी आणला जातो आणि चूक होते ती तेथेच. स्पीकरची एक जोडी म्हणजे अनेक कुटुंबांच्या महिन्याभराच्या मिळकतीचा प्रश्न असतो. म्हणून हा विषय थोडा सविस्तर समजून घेणे इष्ट ठरेल.

गोड आणि खरे यांतील भेद

गाणी ऐकण्यासाठी घरात असणारा स्पीकर श्रोत्याला प्रसन्न करण्यासाठी बनविलेला असतो. त्यात खर्जाचा भाग आणि वरच्या स्वरांची झळाळी मुद्दाम वाढविलेली असते. ध्वनिमुद्रणाच्या कामासाठी असणाऱ्या स्पीकरला मॉनिटर म्हणतात. त्याचे काम एकच : मुद्रणात जे आहे ते न वाढवता, न लपवता समोर ठेवणे.

हा भेद महत्त्वाचा का, ते पाहू. समजा, आपला स्पीकर खर्ज वाढवून ऐकवितो. डग्गा फार घुमतो आहे असे वाटून आपण त्याचा खर्ज कमी करतो. तेच गीत दुसऱ्याच्या घरी वाजते तेव्हा डग्गा निर्जीव वाटतो. उलटपक्षी स्पीकर खर्ज दाखवीतच नसेल, तर आपण तो वाढवीत जातो आणि ते गीत सभागृहात वाजू लागले की शब्द ऐकू येण्याऐवजी नुसता घुमारा ऐकू येतो. स्पीकरचा दोष अशा रीतीने गीतात उलटा उमटतो.

या संदर्भात जपानच्या यामाहा कंपनीच्या एनएस-१० या स्पीकरचा इतिहास बोधप्रद आहे. १९७८ साली तो घरगुती वापरासाठी बाजारात आला आणि तेथे फारसा रुजला नाही. परंतु मुद्रणातील उणिवा तो स्पष्ट दाखवितो हे ध्यानात आल्यावर जगभरातील स्टुडिओंनी त्याला जवळ केले. २००१ साली त्याचे उत्पादन थांबले, तरी पांढऱ्या शंकूचा तो स्पीकर आजही अनेक स्टुडिओंत दिसतो.

पॉवर्ड म्हणजे काय?

साध्या स्पीकरला स्वतंत्र अॅम्प्लिफायर जोडावा लागतो. पॉवर्ड मॉनिटरमध्ये अॅम्प्लिफायर पेटीतच बसविलेला असतो. चांगल्या मॉनिटरमध्ये असे दोन अॅम्प्लिफायर असतात. एक खालच्या स्वरांच्या वूफरसाठी, दुसरा वरच्या स्वरांच्या ट्वीटरसाठी. ध्वनीची ही वाटणी अॅम्प्लिफायरच्या आधीच होते, त्यामुळे प्रत्येक भागाला त्याच्या जोगी शक्ती मिळते आणि जोड्या जुळविण्याची डोकेदुखी उरत नाही. फिनलंडमधील ईसाल्मी या गावी १९७८ साली स्थापन झालेल्या जेनेलेक या कंपनीने तेथील नभोवाणीसाठी असे मॉनिटर तयार केले. पुढे ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. यामाहा, जेबीएल, केआरके इत्यादी कंपन्यांचे असे मॉनिटर आज भारतात मिळतात.

खोली लहान, तर वूफरही लहान

मोठा वूफर म्हणजे चांगला स्पीकर हा समज सर्वत्र आढळतो. आपल्याकडील घरांत मात्र तो महागात पडतो. दहा फूट रुंद खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झचा स्वर अडकून घुमू लागतो. बारा फुटांच्या खोलीत सुमारे ४७ हर्ट्झचा. दहा बाय दहाची खोली आणि छतही दहा फुटांवर असेल, तर लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशांना तोच एक स्वर घुमतो. मग खोलीच्या एका कोपऱ्यात तो प्रचंड वाटतो, तर मध्यभागी जवळजवळ नाहीसा होतो. अशा वेळी आपण ऐकत असतो ती खोली, गीत नव्हे.

आता यामाहाच्या एचएस मालिकेचे उदाहरण घेऊ. पाच इंची एचएस-५ हा ५४ हर्ट्झपर्यंत उतरतो, तर आठ इंची एचएस-८ हा ३८ हर्ट्झपर्यंत. अर्थात या सीमेवर आवाज १० डेसिबलने उतरलेला असतो. ज्या खोलीत ५६ हर्ट्झलाच गोंधळ सुरू होतो, तेथे ३८ हर्ट्झपर्यंतची मजल विकत घेऊन साधते काय? गोंधळ मात्र वाढतो. मानवी आवाज, पेटी, गिटार आणि तबला एवढ्या साथीच्या गीतांसाठी लहान खोलीत पाच इंची मॉनिटर पुरेसा आहे. उरलेले पैसे खोली सुधारण्यावर खर्च करावेत, हे अधिक शहाणपणाचे.

खोली सुधारणे म्हणजे भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटविणे नव्हे. त्यांचा उपयोग नगण्य असतो. जाड पडदे आणि गोधड्या वरच्या स्वरांचा प्रतिध्वनी शोषतात, पण खर्जाला त्या रोखू शकत नाहीत. त्यासाठी चार ते सहा इंच जाडीच्या रॉकवूलच्या चौकटी कापडात नीट गुंडाळून कोपऱ्यांत उभ्या कराव्या लागतात. भट्ट्या आणि बॉयलर यांच्या आवरणासाठी हे रॉकवूल वापरले जाते, त्यामुळे कारखान्यात काम करणाऱ्यांना ते अपरिचित नाही. मात्र त्याचे तंतू त्वचेला व श्वासाला त्रासदायक असतात; हाताळताना हातमोजे आणि मास्क वापरावा.

एमआयडीसीतील घरघर

जालना हे मराठवाड्यातील पोलादाचे केंद्र आहे. भंगार लोखंड इंडक्शन भट्टीत वितळवून त्याचे बिलेट तयार होतात आणि रोलिंग मिलमध्ये त्यांच्या सळया बनतात. या कामाचा आवाज परिसरात राहणाऱ्यांच्या इतका अंगवळणी पडतो की तो आहे हेच विसरायला होते. मायक्रोफोन मात्र तो विसरत नाही. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्रान्सफॉर्मरची गुणगुण १०० हर्ट्झला ऐकू येते, म्हणजे पुरुषाच्या खालच्या आवाजाच्या अगदी शेजारी. पंखे, मोटारी आणि अवजड वाहने यांचीही घरघर खालच्याच स्वरांत असते. भिंतीतून आणि जमिनीतून हा आवाज सहज आत येतो. खिडकी लावून तो थांबत नाही.

याचा परिणाम दुहेरी होतो. बाहेरच्या घरघरीखाली गीतातील खर्ज झाकला जातो आणि आपण तो नकळत वाढवितो. दुसरे म्हणजे, घरघर बुडविण्यासाठी स्पीकरचा आवाज चढविला जातो आणि कान लवकर थकतात. यावर उपाय असा : खर्जाचा निर्णय केवळ स्पीकरवर न घेता कान पूर्ण झाकणाऱ्या बंद हेडफोनवरही तपासावा आणि कामासाठी त्यातल्या त्यात शांत वेळ निवडावी. जेथे घरघर अखंड असते, तेथे आधी उत्तम हेडफोन घेऊन स्पीकरची खरेदी लांबणीवर टाकणे हाही योग्य निर्णय ठरू शकतो.

वीज, धूळ आणि उष्णता

मॉनिटर घेताना जोडणीची बाजू अवश्य पाहावी. तीन तारांची बॅलन्स्ड जोडणी, म्हणजे एक्सएलआर अथवा टीआरएस, असलेला मॉनिटर घ्यावा. अशी केबल वाटेत मिसळणारी विजेची गुणगुण बऱ्याच अंशी रद्द करते. तरीही गुणगुण राहिली, तर संगणक, इंटरफेस आणि दोन्ही स्पीकर एकाच अर्थिंगच्या बोर्डावर घेऊन पाहावे. प्लगची अर्थिंगची पिन काढून गुणगुण घालविण्याचा उपाय कोणी सुचविला, तर तो मुळीच करू नये. तो जिवावर बेतू शकतो. परदेशातून आणलेल्या स्पीकरवर ११५ आणि २३० व्होल्टचा खटका आहे का, तो कोठे आहे, हे चालू करण्यापूर्वी पाहावे. दाबात चढउतार होत असेल तर स्टॅबिलायझर लावावा आणि इन्व्हर्टर वापरायचा झाल्यास तो साइन वेव्हचा असावा. स्पीकर सर्वांत शेवटी चालू करावा आणि सर्वांत आधी बंद करावा, म्हणजे धक्क्याने वूफरला इजा होत नाही.

लोखंडाच्या धुळीचा धोका सहसा कोणी लक्षात घेत नाही. प्रत्येक वूफरच्या मागे प्रभावी चुंबक असतो आणि रोलिंग मिलमधील पोलादावरून सुटणारी खपली चुंबकाकडे ओढली जाते. ती कॉइलच्या अरुंद फटीत शिरली की आवाजात कायमची खरखर येते. म्हणून काम संपल्यावर स्पीकर स्वच्छ कापडाने झाकावेत आणि पाळीवरून आल्यावर कपडे बदलूनच त्या खोलीत जावे. स्पीकर चालू असताना मात्र ते झाकू नयेत. जालन्याच्या उन्हाळ्यात मागील बाजूच्या अॅम्प्लिफायरला मोकळी हवा हवीच.

मांडणी आणि पारख

दोन्ही स्पीकर आणि ऐकणाऱ्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा आणि ट्वीटर कानाच्या उंचीवर यावा. स्पीकर कोपऱ्यात ठेवू नयेत. भिंत जवळ आली की खर्ज वाढतो, कोपऱ्यात तो आणखी वाढतो. भिंतीजवळ ठेवण्यावाचून इलाज नसेल, तर खर्ज कमी करणारा खटका असलेला मॉनिटर निवडावा. एचएस-५ वर तो २ आणि ४ डेसिबलचा असतो.

दुकानात जाताना आपण शेकडो वेळा ऐकलेली तीन-चार गीते उत्तम प्रतीच्या मुद्रणात सोबत न्यावीत. दोन मॉनिटरची तुलना करताना दोघांचा आवाज सारख्या पातळीवर ठेवण्याचा आग्रह धरावा, कारण किंचित मोठा आवाज नेहमी अधिक चांगला वाटतो. गायकाचा श्वास, शब्दान्तीचे व्यंजन आणि समूहगायनातील वेगवेगळे आवाज निरनिराळे ऐकू येतात का, याकडे लक्ष द्यावे. परिचित गीतातील एखादा दोष प्रथमच ऐकू आला, तर तो मॉनिटर विचारात घेण्याजोगा समजावा. अनेक मॉनिटर एकेकटे विकले जातात. सांगितलेली किंमत एकाची की जोडीची, हे विचारून घ्यावे.

सर्वांत मौल्यवान साधन : आपले कान

उत्तम स्पीकरही थकलेल्या कानांपुढे निरुपयोगी ठरतो. अमेरिकेतील निओश ही संस्था आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा सुचविते आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते, असे सांगते. गोंगाटाच्या पाळीनंतर कान काही काळ बधिर होतात. विशेषतः वरचे स्वर कमी ऐकू येतात. त्या अवस्थेत गीतावर काम केले, तर आपण ते स्वर वाढवीत जातो आणि दुसऱ्या दिवशी तेच गीत कर्कश वाटते. अमेरिकेच्या औद्योगिक सुरक्षा नियमांनुसार कामगाराच्या पहिल्या श्रवणचाचणीआधी १४ तास त्याला कामाच्या गोंगाटापासून दूर ठेवावे लागते. हाच दंडक आपणही पाळावा. अंतिम मिश्रण पाळीवरून येऊन करू नये, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी विश्रांतीनंतर करावे. आणि कारखान्यात कानाला इअरप्लग लावण्याचा कंटाळा करू नये. गेलेली श्रवणशक्ती कोणत्याही किमतीचा स्पीकर परत देऊ शकत नाही.

या साऱ्या खटाटोपाची आवश्यकता काय, असे कोणी विचारील. हेमा राईरकर आणि गी प्वातवॅ यांनी पुण्याहून चालविलेल्या उपक्रमात महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांतील अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले आणि बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांचे आवाजही त्यामुळे टिकून राहिले. आपल्याही घरात अशी एखादी आजी असेल, जिला जुनी गीते तोंडपाठ आहेत. तिचा आवाज आपण मुद्रित करू, तेव्हा मागची घरघर त्याच वेळी ऐकू आली तर तिला थांबवून पुन्हा गाण्याची विनंती करता येईल. ती घरघर वर्षभराने ऐकू आली, तर कदाचित ती विनंती ऐकायला आजी राहिलेली नसेल.

म्हणूनच स्पीकर निवडताना तो आपले कौतुक करतो की आपली चूक दाखवितो, हे पाहावे. चूक दाखविणाराच घरी आणावा.