भंडारा जिल्ह्यातील इंग्रजी अमलाचे हुकूम आणि जाहीरनामे

इंग्रजी अमलात भंडारा जिल्ह्यातला सरकारी हुकूम साधारणपणे तीन ठिकाणी प्रकट होई. नागपूरहून निघणाऱ्या सरकारी गॅझेटात तो इंग्रजीत छापला जाई, तहसील कचेरीत त्याची देशी भाषेतली नक्कल डकवली जाई आणि गावात कोतवाल डफडे वाजवून त्याचा मतलब सांगे. कायद्याच्या हिशेबाने बरेचसे हुकूम गॅझेटात छापले की पुरे होत. साकोलीच्या जंगलकाठच्या शेतकऱ्याच्या हिशेबाने मात्र हुकूम डफडे वाजल्यावरच सुरू होई, आणि या दोन वेळांत जे अंतर पडे त्यात कोणाची वहिवाट जाई तर कोणाचा मोबदल्याचा दावा.

नागपूरकर भोसल्यांपैकी तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले. लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर करून १८५४ मध्ये राज्य खालसा केले आणि भंडारा कंपनीच्या थेट अमलात आला. १८६१ मध्ये नागपूर प्रांत आणि सागर-नर्मदा प्रदेश जोडून मध्य प्रांत तयार झाला. मुंबई इलाख्यात जिल्ह्याचा मुख्य कलेक्टर असे, इथे तो डेप्युटी कमिशनर होता. नाव वेगळे होते तसा कारभारही वेगळा होता. मध्य प्रांत ‘नॉन-रेग्युलेशन’ प्रांतांपैकी एक होता. जुन्या इलाख्यांचे रेग्युलेशन कायदे अशा प्रांतांना जसेच्या तसे लागू नसत, त्यामुळे सुरुवातीच्या काळात अधिकाऱ्यांच्या सूचना आणि परिपत्रके यांनाच कायद्यासारखे वजन होते. वसुली आणि फौजदारी हे दोन्ही अधिकार डेप्युटी कमिशनरच्या हाती होते. त्याच्या हाताखाली भंडारा, तिरोडा व साकोली या तहसिली होत्या (तिरोड्याचे ठाणे पुढे गोंदियाला गेले), आणि कामठ्यासारख्या जमीनदाऱ्या वेगळ्या होत्या. १९०३ मध्ये वऱ्हाड या प्रांताला जोडले गेले.

हुकुमांचे प्रकार अनेक होते. कायद्याने दिलेला अधिकार वापरून सरकार काढी ती अधिसूचना, आणि ती गॅझेटात छापावीच लागे. लोकांना उद्देशून काढायचा तो जाहीरनामा; जुन्या कागदांत त्यालाच इश्तिहार म्हटलेले आढळते. एका माणसावर बजावायची ती नोटीस किंवा समन्स. चौथा प्रकार लोकांच्या नजरेस कधी पडत नसे, पण त्यांच्या आयुष्यावर सर्वांत जास्त परिणाम त्याचाच होई. तो म्हणजे वरच्या अधिकाऱ्याने खालच्याला धाडलेले परिपत्रक. सारा कधी तहकूब करायचा, तगाई (शेतीसाठी सरकारी कर्ज) कोणाला द्यायची, पटवाऱ्याने कोणता नमुना कसा भरायचा, हे सगळे त्यात असे. मध्य प्रांताच्या महसूल खात्याने अशी परिपत्रके एका ग्रंथात बांधली आणि त्याला ‘रेव्हेन्यू बुक सर्क्युलर’ हे नाव मिळाले. शेजारच्या मध्य प्रदेशात अतिवृष्टीची किंवा गारपिटीची मदत आजही ‘राजस्व पुस्तक परिपत्र ६-४’ याच आधाराने वाटली जाते.

सगळ्यांत मोठा आणि सर्वांत दूरवर पोहोचलेला हुकूम जमीन बंदोबस्ताचा. १८६० च्या दशकात जिल्ह्याचा पहिला नियमित बंदोबस्त झाला, ए. जे. लॉरेन्स यांचा त्यावरील अहवाल १८६७ चा आहे. भोसलेकाळात गावाचा वसूल गोळा करून देणारा मालगुजार या बंदोबस्ताने गावाचा मालक ठरला. एका कागदाने वसुलीच्या मक्त्याची मालकी झाली. ही मध्य प्रांताच्या कारभारातली सर्वांत मोठी उलथापालथ होती, आणि तिचा लाभ गावातल्या एकदोन घरांनाच झाला. १८८१ च्या महसूल कायद्याने पुढची रीत बांधून दिली. बंदोबस्त अधिकारी गावाचा सारा ठरवून मालगुजाराला कळवी. मालगुजाराला तो नाकारण्याची मुभा होती, पण नाकारल्यास बंदोबस्त दुसऱ्याशी होई आणि मूळ मालकाच्या हाती मलिकाना (मालकीबद्दलचा भत्ता) तेवढा उरे. अशी मुभा नावापुरतीच म्हणायची.

याच बंदोबस्तात गावोगाव ‘वाजिब-उल-अर्ज’ लिहिला गेला. तलावाचे पाणी कोणाच्या बांधीला कोणत्या रीतीने द्यायचे, गुरे कुठे चारायची, सरपण आणि घरासाठी लाकूड कुठून आणायचे, गावकामगाराला किती धान्य द्यायचे, अशा वहिवाटी त्यात नोंदल्या जात. भंडारा हा तलावांचा आणि धानाचा मुलूख. कोहळी समाजाने पिढ्यानपिढ्या बांधलेल्या तलावांवर आणि बोड्यांवर (लहान तळ्यांवर) इथली शेती उभी होती, म्हणून पाण्याची वहिवाट कागदावर येणे फार मोलाचे होते. बाकीचे जाहीरनामे लोकांकडून काही मागणारे किंवा काही मना करणारे होते. या कागदाने मात्र रयतेच्या हाती थोडे काही ठेवले. अर्थात जी वहिवाट लिहिली गेली तीच टिकली. नोंदीच्या दिवशी ज्याची बाजू कोणी मांडली नाही, त्याचा हक्क कागदाबाहेर राहिला.

गावात हुकूम पोहोचवणाऱ्या साखळीत मुकद्दम, पटवारी आणि कोतवाल हे तिघे होते. मुकद्दम गावाचा सरकारदरबारी जबाबदार माणूस, पटवारी कागदांचा धनी. कोतवालाने पहारा द्यायचा, जन्म-मृत्यूची वर्दी ठाण्यावर न्यायची आणि दवंडी द्यायची. हे काम बहुतेक गावांत महार समाजाकडे होते. त्याचा मेहनताना मुख्यतः शेतकऱ्यांनी दिलेल्या धान्यातून निघे. म्हणजे हुकूम सरकारचा आणि तो ऐकवण्याचा खर्च ऐकणाऱ्यांचा. डफडे ही केवळ गावरीत नव्हती. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत (आदेश २१, नियम ५४) स्थावर मालमत्तेच्या जप्तीचा हुकूम त्या मालमत्तेवर किंवा तिच्या शेजारी ‘ढोल वाजवून किंवा अन्य रूढ रीतीने’ पुकारावा, मग त्याची प्रत मालमत्तेवर आणि न्यायालयाच्या इमारतीवर डकवावी, असे स्पष्ट लिहिले आहे. फरारी आरोपीचा जाहीरनामा १८९८ च्या फौजदारी संहितेच्या कलम ८७ प्रमाणे त्याच्या गावात जाहीर वाचायचा, त्याच्या घरावर आणि न्यायालयावर लावायचा आणि हजर होण्यास किमान ३० दिवस द्यायचे असत.

मुदत हा या सगळ्या कागदांचा कणा होता. १८७८ च्या वन कायद्याप्रमाणे एखादी जमीन राखीव जंगल करायची झाली तर आधी गॅझेटात अधिसूचना निघे. मग वन बंदोबस्त अधिकारी आसपासच्या प्रत्येक गावात देशी भाषेत जाहीरनामा लावी आणि हक्क सांगण्यासाठी किमान ३ महिने देई. त्या मुदतीत जो हक्क पुढे आला नाही आणि चौकशीतही आढळला नाही, तो बुडे. भंडाऱ्याच्या रानकाठच्या गावांत मराठीबरोबर पोवारी आणि गोंडी बोलली जाई, आणि अक्षर वाचणारा गावात एखादाच. तहसिलीतल्या मराठी कागदाचा अशा गावाला उपयोग किती, हे वेगळे सांगायला नको. भूसंपादनाची मुदत त्याहून आखूड. १८९४ च्या कायद्यात कलम ४ ची अधिसूचना गॅझेटात छापून तिचा गोषवारा गावातल्या सोयीच्या जागी लावायचा होता; मोबदल्याच्या दाव्यांसाठी कलम ९ ची नोटीस लागल्यावर किमान १५ दिवस मिळत. नागपूर-छत्तीसगड रेल्वे त्याआधीच, १८८२ पर्यंत, या जिल्ह्यातून राजनांदगावला पोहोचली होती. १९०० नंतर गोंदियाहून फुटलेल्या रेल्वेमार्गांच्या काळात हाच नवा कायदा लागू होता.

दुष्काळाचे हुकूम वेगळ्या घडणीचे. दुष्काळ संहितेप्रमाणे आधी चाचणीची कामे काढायची, त्यांवर किती माणसे येतात ते पाहायचे आणि मगच दुष्काळ जाहीर करायचा. म्हणजे उपासमार मजुरीच्या हजेरीपटावर दिसेपर्यंत घोषणा नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आले. १८९१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ७,४२,८५० होती. १९०१ मध्ये ती ६,६३,०६२ भरली. सारा तहकुबीचे, माफीचे आणि १८८३ व १८८४ च्या कर्जकायद्यांखालील तगाईचे हुकूम निघाले, पण खानेसुमारीचे हे दोन आकडे पाहिले की ते किती उशिरा आणि किती अपुरे पोहोचले याचा अंदाज येतो.

राजकीय चळवळ वाढली तसे मनाई हुकूम वाढले. फौजदारी संहितेच्या कलम १४४ खाली सभा, मिरवणूक किंवा काठ्या बाळगणे बंद करता येई. एरवी हा हुकूम दोन महिन्यांपलीकडे टिकत नसे. मोठ्या आंदोलनाच्या वेळी गव्हर्नर जनरलचे वटहुकूम, आणि १९३९ नंतर भारत संरक्षण नियम, त्याच्या जोडीला आले. ऑगस्ट १९४२ मध्ये तुमसरला पोलिसांनी गोळीबार केला, तेव्हा हेच नियम लागू होते.

मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ३१ मार्च १९५१ पासून गावे, तलाव व झुडपी रान सरकारजमा झाले. वाजिब-उल-अर्जातल्या वहिवाटी पुढे निस्तार पत्रकात, म्हणजे गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांच्या नोंदीत, उतरल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया वेगळा झाला, पण कागद तेच राहिले. ‘माजी मालगुजारी तलाव’ हे नाव अजून पाटबंधाऱ्याच्या दप्तरात आहे. कलम १४४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ झाले; जप्तीच्या वेळचा ढोल दिवाणी संहितेत अजून कायम आहे. जुन्या महसूल नोंदींत ‘छोटे झाड का जंगल’ किंवा ‘बडे झाड का जंगल’ असे लिहिलेल्या जमिनींचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झुडपी जंगलाचा, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या जमिनी कायद्याने वनजमिनीच आहेत, असा निकाल न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला आणि भंडारा व गोंदिया हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत येतात.