हुशार मूल आपोआप पुढे जातं?

‘त्याला काय शिकवायचं, तो हुशारच आहे,’ असं म्हणत पहिली-दुसरीतल्या एखाद्या मुलाला त्याच्यावरच सोपवलं जातं. प्रज्ञा असली की वाट आपोआप सापडते, हा या विषयातला सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज आहे.

त्यासाठी दाखला दिला जातो तो गणितज्ञ कार्ल गाउसचा. एक ते शंभरची बेरीज क्षणात ५०५० सांगणारा मुलगा! हे आकडे मागाहून जोडले गेले. १८५६च्या त्याच्या पहिल्या चरित्रात ते नाहीत. खरं मोलाचं आहे ते पुढचं. ब्राउनश्वाइगमधल्या त्याच्या शाळेतले ब्यूटनर गुरुजी चाबूक बाळगणारे, वर्ग मुलांनी खच्चून भरलेला, आणि गाउसच्या घरची परिस्थिती बेताची. तरीही आपल्याजवळचं या पोराला पुरणार नाही, हे ब्यूटनर यांनी ओळखलं आणि हॅम्बुर्गहून त्याच्यासाठी अंकगणिताचं वरच्या पातळीचं पुस्तक मागवलं. त्यांचा मदतनीस मार्टिन बार्टेल्स गाउसहून आठ वर्षांनी मोठा. दोघं एकत्र बसून गणित करू लागले. १७९१मध्ये गाउसला ब्राउनश्वाइगच्या ड्यूकचा आश्रय मिळाला, तोवर ही पायाभरणी झालेली होती. हेच बार्टेल्स पुढे कझानला प्राध्यापक झाले आणि तिथे पुढे मोठा गणितज्ञ झालेला लोबाचेव्हस्की त्यांचा विद्यार्थी होता.

म्हणजे पहिलीच्या बाईंना मुलापेक्षा जास्त गणित यायलाच हवं, असंही नाही. ‘याला पुढचं हवंय’ हे वेळेवर ओळखून योग्य पुस्तक किंवा माणूस गाठून देणं त्यांच्या हातात असतं.

मात्र हे ओळखणं सोपं नाही. सुवाच्य अक्षर, शांत स्वभाव, पहिला नंबर म्हणजे प्रज्ञा, असं आपण धरून चालतो. सतत ‘का?’ विचारणारं मूल आगाऊ ठरतं. काही प्रज्ञावान मुलांना वाचन-लेखनाची अडचण असते आणि एक दुसऱ्याला झाकून टाकतं. १९२१मध्ये अमेरिकेत लुईस टर्मन यांनी प्रज्ञावान मुलांचा मोठा अभ्यास सुरू केला, तेव्हा शिक्षकांना वर्गातली सर्वांत हुशार मुलं आणि वयाने सर्वांत लहान मूलही विचारलं होतं. त्या लहानग्यांतच प्रज्ञावान मुलं जास्त सापडली. शिक्षक वय लक्षात घेत नव्हते. बुद्धिमत्ता चाचणीही चुकते: टर्मन यांच्या चाचणीत न बसलेल्या विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ यांना पुढे नोबेल मिळालं.

‘लवकर झालं? मग आणखी दहा गणितं कर.’ ही मदत वाटते, मुलाला मात्र ती शिक्षाच. त्याला अवघड गणित हवं असतं, जास्त गणितं नकोत. वर्ग ओलांडला की मूल एकटं पडतं, ही भीतीही सरसकट खरी नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या २००४च्या अहवालाने अनेक वर्षांचं संशोधन तपासून तसा सर्वसाधारण तोटा आढळत नाही, असं सांगितलं. अर्थात निर्णय मूल पाहूनच घ्यायचा. निदान गणिताच्या तासाला वरच्या वर्गात बसू देणं तरी पुष्कळ शाळांना जमण्यासारखं आहे.

‘शिष्यवृत्ती परीक्षेत कळेलच,’ असं पालक म्हणतात. ती चौथी-पाचवीत येते. प्रज्ञावान मुलांसाठीची पुण्याची ज्ञान प्रबोधिनी प्रशालाही पाचवीपासून. त्याआधीची वर्षं प्राथमिकच्या बाईंचीच. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही अशा मुलांना पूरक साहित्य देण्याची अपेक्षा आहे. वर्षाअखेर पुढच्या वर्गशिक्षिकेसाठी चार ओळी लिहून ठेवल्या, मूल काय वाचतंय, कुठे अडतंय, कशात रमतंय, तर जूनमध्ये त्याला पुन्हा बाराखडीपासून सुरुवात करावी लागत नाही.