रेस दिली की गाडी बसते काहून?

आपल्या प्रभागसंघातल्या कितीतरी ताया आता स्वतःच्या गाडीवर फिरतात. बँकसखी, पशुसखी, कृषीसखी, सीआरपी, सगळ्यांचं काम गावोगावी. कोणी अकोटच्या बाजारात पापड-शेवया घेऊन येते, कोणी पोपटखेडकडच्या गावात शेळ्या पाहायला जाते. गाडी बरेचदा गटाच्या कर्जातून घेतलेली असते. म्हणून बैठकीत गाडीची तक्रार निघाली की ती हप्त्याचीही तक्रार असते. त्यातली नेहमीची एक अशी: "चालू होते, उभी असली का बराबर चालते, पण रेस देली का बसून जाते."

ही तक्रार अंगावर काढू नका. मोठा रस्ता ओलांडताना किंवा ट्रॅक्टरच्या पुढे जाताना आपण गाडीच्या पिकअपवर भरवसा ठेवतो. नेमकी तेव्हाच ती दम खाऊन थांबली तर मागचं वाहन थांबेलच असं नाही. दुरुस्ती होईपर्यंत ओव्हरटेक टाळा आणि रस्ता पूर्ण रिकामा झाल्यावरच ओलांडा.

इंजिन म्हणजे चूलच

चुलीला जळण, हवा आणि ठिणगी लागते. इंजिनलाही तेच लागतं: पेट्रोल, हवा आणि प्लगची ठिणगी. वजनात पाहिलं तर एक भाग पेट्रोलला साधारण 14 ते 15 भाग हवा लागते. हवा कमी पडली तर चूल धुपते, तसं इंजिन काळा धूर टाकतं. जळण कमी पडलं तर जाळ विझू लागतो, तसं इंजिन अडखळतं.

आपण मूठ पिळतो तेव्हा आधी हवेची झडप उघडते. हवा हलकी, ती पटकन आत धावते. पेट्रोल जड, ते जरा मागे राहतं. चांगल्या गाडीत ही कसर लगेच भरून निघते. जुन्या गाडीत हे काम कार्बोरेटर करतो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर असतो, आणि पेट्रोल किती सोडायचं ते सेन्सर पाहून ठरतं. यात कुठेही घाण, गळती किंवा कमजोर ठिणगी आली की पहिला फटका रेस देतानाच बसतो, कारण त्याच क्षणी इंजिनची मागणी एकदम वाढते.

आधी आवाज ऐका

रेस दिल्यावर इंजिनचा आवाजच खाली बसतो, की आवाज वाढतो पण गाडी पळत नाही?

आवाज वाढूनही गाडी ओढत नसेल तर दोष पेट्रोलचा नाही. स्कूटीत पट्टा, रोलर किंवा क्लच झिजलेला असू शकतो, मोटारसायकलमध्ये क्लच घसरत असू शकतो. अशा वेळी कार्बोरेटर साफ करून काही उपयोग नाही. गाडी बंद करून मेन स्टँडवर लावा, मोटारसायकल असेल तर न्यूट्रल करा आणि मागचं चाक हाताने फिरवा. जड फिरत असेल तर ब्रेक चिकटत असेल.

आवाजच बसत असेल, गचके येत असतील, तर दोष हवा, पेट्रोल किंवा ठिणगीत आहे.

मग वेळ पाहा

- फक्त सकाळी थंड इंजिनवर, एक-दोन मिनिटं: जुन्या गाडीत हे बरेचदा होतं. इंजिन थोडं गरम होऊ द्या. गरम झाल्यावर चोक बंद केला का तेही पाहा.
- मूठ पिळताच अडते, मग नीट पळते: कार्बोरेटरचं बारीक छिद्र तुंबलं असेल, किंवा कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या रबरी जोडाला चीर पडून जास्तीची हवा आत जात असेल.
- अर्ध्या मुठीपर्यंत ठीक, पूर्ण पिळली की दम तोडते: एअर फिल्टर तुंबला असेल किंवा पेट्रोल पुरेसं येत नसेल.
- काही किलोमीटर चांगली चालते, मग बसते: टाकीचं झाकण उघडून पाहा. 'फुस्स' आवाज होऊन गाडी पुन्हा नीट चालली, तर झाकणाचं हवा घेणारं छिद्र तुंबलेलं आहे.
- धुतल्यावर किंवा पावसात भिजल्यावरच अडते: प्लगच्या टोपीत पाणी गेलं असेल.

मोटारसायकलला चोकचा खटका असेल तर आणखी एक तपासणी करता येते. गाडी रिकाम्या जागेत चालू असताना चोक थोडा ओढा. अडखळणं कमी झालं तर इंजिनला पेट्रोल कमी पडत होतं. वाढलं तर पेट्रोल आधीच जास्त होतं, म्हणजे हवेचा रस्ता तुंबला असेल.

घरी काय पाहता येईल

*एअर फिल्टर.* आपल्याकडे कापसाचा फुफाटा, सोयाबीनच्या मळणीचा भुसा आणि कच्च्या रस्त्याची धूळ, यामुळे फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या मुदतीआधीच भरतो. कागदाचा फिल्टर पाण्याने धुवायचा नाही. तेल लावलेला कागदी फिल्टर असेल तर तो झटकूनही साफ होत नाही, बदलावाच लागतो. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, थोडं तेल लावून बसवतात. फिल्टर काढून गाडी चालवू नका, धूळ थेट इंजिनमध्ये जाते.

*पेट्रोल.* गावात बाटलीतलं सुटं पेट्रोल घेतल्यावर त्रास सुरू झाला का, ते आठवा. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं तर ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं. थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून ठेवलं तर खाली वेगळा थर दिसतो. हे काम अंगणातच करा. जवळ चूल, दिवा, बिडी काही नको, लेकरं दूर असावीत. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर जुनं पेट्रोल तसंच ठेवू नका.

*प्लग.* इंजिन पूर्ण थंड झाल्यावर मिस्त्रीसमोर काढून पाहा. टोक फिकट तपकिरी असेल तर जळण बरोबर आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढरं फटक असेल तर पेट्रोल कमी. तेलाने ओलं असेल तर इंजिनमध्ये तेल वर चढतं आहे, ते काम मोठं.

नव्या गाडीत मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा चालू राहत असेल तर घरी खोलाखोल करू नका. ती गाडी मशीन लावूनच तपासावी लागते.

एक जपायचं: स्टँडवर लावून रेस देताना मागचं चाक फिरतं. पदर, ओढणी खोचून घ्या. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नका, त्या धुराचा विषारी वायू नाकाला कळत नाही.

मिस्त्रीला काय सांगायचं

"गाडी बिघडली" एवढंच सांगितलं तर मिस्त्री अंदाजाने सुरुवात करतो, आणि अंदाजाचे पैसे आपण भरतो. प्लग आणि फिल्टर काही शेकड्यांत होतात, नवा कार्बोरेटर किंवा इंजिनचं काम हजारांत जातं. म्हणून स्वस्त आणि सोपं आधी, महाग नंतर, असा क्रम धरायला सांगा. जाताना या गोष्टी कागदावर लिहून न्या:

1. आवाज बसतो की आवाज वाढून गाडी ओढत नाही
2. थंड असताना की गरम झाल्यावर
3. मूठ किती पिळल्यावर
4. त्रास कधीपासून, त्याआधी काय झालं (पाऊस, धुलाई, सुटं पेट्रोल, दुसरी दुरुस्ती)
5. फिल्टर आणि प्लग शेवटचे कधी बदलले

बदललेला जुना भाग परत मागून घ्या आणि बिल घ्या. गटाचा हिशोब आपण पै-पैचा लिहितो. तसंच गाडीसाठी एक छोटी वही करा: तारीख, किलोमीटर, काय काम केलं, किती लागले. गाडीचं कर्ज मागणाऱ्या ताईला हप्त्यासोबत दुरुस्तीचाही अंदाज या वहीतून देता येईल. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी येत्या बैठकीत वही सोबत आणावी, म्हणजे कोणाला कशाचा किती खर्च आला ते एकमेकींना कळेल.