गर्भवतींची एचआयव्ही तपासणी व समुपदेशन

गर्भवतींची एचआयव्ही तपासणी व समुपदेशन : एचआयव्ही या विषाणूचा मातेकडून अर्भकास होणारा संसर्ग टाळण्यासाठी गर्भारपणी केली जाणारी रक्ततपासणी व तिच्या अनुषंगाने दिला जाणारा सल्ला आणि आधार. हा विषाणू एड्स या विकारास कारणीभूत होतो. संसर्गानंतर पुष्कळदा वर्षानुवर्षे लक्षणे दिसत नसल्याने तपासणीवाचून त्याचे ज्ञान होत नाही.

संसर्गाचे मार्ग : विषाणू गर्भावस्थेत वारेतून, प्रसूतीच्या वेळी मातेच्या रक्ताच्या व स्रावांच्या संपर्कातून आणि पुढे स्तनपानातून अर्भकात शिरू शकतो. उपचारांअभावी संसर्गाचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. वेळीच औषधे मिळाल्यास ते ५ टक्क्यांहून कमी होते. भारतात २००२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात प्रसूतीच्या वेळी मातेस व जन्मानंतर अर्भकास नेव्हिरापीनची एकेक मात्रा दिली जाई. २०१४ पासून संसर्गित गर्भवतीस आजन्म संयुक्त औषधयोजना देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. त्यामुळे अर्भकाबरोबर मातेचेही आरोग्य राखले जाते.

तपासणी : गर्भारपणाच्या पहिल्या नोंदणीच्या वेळीच ती करणे इष्ट असते. उपकेंद्रात वा प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून घेतलेल्या रक्ताची प्राथमिक चाचणी होते. तीत संशय आढळल्यास एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्रात वेगवेगळ्या चाचण्यांनी खातरजमा केली जाते. एकाच चाचणीवरून निदान केले जात नाही. अगदी अलीकडे झालेला संसर्ग चाचणीत उतरत नाही, म्हणून जोखीम असल्यास पुन्हा तपासणी करतात.

समुपदेशन : तपासणीपूर्वी तिचा हेतू समजावून स्त्रीची संमती घेतली जाते, नकार देण्याचा तिला अधिकार असतो. निष्कर्षानंतर औषधे, दवाखान्यातील प्रसूती, स्तनपान व पतीची तपासणी यांसंबंधी माहिती दिली जाते. कुटुंबात प्रथम तपासणी गर्भवतीची होत असल्याने संसर्ग मुळात पतीकडून आलेला असला, तरी दोष तिच्यावर येण्याचा संभव असतो. याचा विचार २०१७ च्या एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमात आढळतो. १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आलेल्या या कायद्याने संमती व गोपनीयता बंधनकारक केली. जोडीदारास कळविल्याने स्त्रीला मारहाण होईल वा तिचा त्याग केला जाईल अशी रास्त भीती असल्यास आरोग्यसेवकाने त्यास कळवू नये, अशी तरतूदही त्यात आहे.

सांगली जिल्हा : राष्ट्रीय कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात (२००७–१२) प्रसूतिपूर्व चिकित्सालयांतील प्रमाणावरून जिल्ह्यांचे वर्गीकरण करण्यात आले, तेव्हा हा जिल्हा अधिक प्रादुर्भावाच्या ‘अ’ वर्गात होता. तेथे संपदा ग्रामीण महिला संस्था (संग्राम) १९९२ पासून या क्षेत्रात कार्य करीत आहे. पलूस तालुक्यातील कुंडल हे साखर कारखान्याचे गाव. अशा ऊसपट्ट्यात तोडणीच्या हंगामात मजुरांच्या टोळ्या बाहेरून येतात व हंगाम संपताच परततात. गावातील सुनाही पहिल्या बाळंतपणास बहुधा माहेरी जातात. तपासणी एके ठिकाणी, प्रसूती दुसरीकडे आणि अर्भकाची देखभाल तिसरीकडे, असे घडल्यास औषधांत खंड पडण्याचा धोका असतो. म्हणून नोंदपत्र स्त्रीजवळ असणे आणि तिच्या संमतीने पुढील केंद्रास पूर्वसूचना जाणे अगत्याचे ठरते.

अर्भकाची देखरेख : जन्मताच प्रतिबंधक औषध सुरू करून ते किमान सहा आठवडे देतात. पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान इष्ट मानले जाते. मातेची औषधे मात्र चालू असावी लागतात. मातेची प्रतिपिंडे अर्भकाच्या रक्तात दीर्घकाळ राहत असल्याने नेहमीची चाचणी लवकर उपयोगी पडत नाही. त्यामुळे सहाव्या आठवड्यात विषाणूच्या जननद्रव्याचा शोध घेतला जातो आणि अठराव्या महिन्यात प्रतिपिंड-चाचणीने अंतिम निर्णय केला जातो. तोवर मातेचा व केंद्राचा संबंध टिकविणे हे समुपदेशनाचे प्रमुख कार्य होय.